रोग्याजवळ उभे राहणाऱ्यांस लस प्रथम कां?

(मंडळ्यांच्या अभ्यासवर्गासाठीं पाठ)

शास्त्रपाठ : फिलिप्पैकरांस पत्र २:२५–३०.
सोबत वाचावें : अनुवाद २२:८, नहेम्या ४:७–९, मत्तय ४:५–७, लूक १०:७.

पाठाचा हेतु : जो दुसऱ्याच्या दुखण्याजवळ जातो त्याच्या जिवाची काळजी वाहणें हें मंडळीचें कर्तव्य आहे, हें समजून घेणें.



करोनाच्या साथीला आतां कांहीं वर्षें लोटलीं. ५ मे २०२३ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें ह्या रोगाची जागतिक आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें. ज्या दिवसांत शेजाऱ्याच्या खोकल्यानें अंगावर कांटा येत असे, ते दिवस आतां मुलें गोष्टीसारखे सांगूं लागलीं आहेत. अशा वेळीं हा विषय पुनः कां काढावा, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, घर शाकारावयाचें तें पाऊस नसतांनाच शाकारावें लागतें. साथ दाराशीं आली म्हणजे भीति, अफवा आणि घाई ह्यांच्या गलबल्यांत शांतपणें शिकतां येत नाहीं. आज येतें. म्हणून हा पाठ आम्ही आज मंडळ्यांपुढें ठेवितों.

१. एपफ्रदीताची हकीकत

पौल प्रेषित बंदींत असतां फिलिप्पै येथील मंडळीनें एपफ्रदीत नांवाच्या आपल्या एका बंधूच्या हातीं त्याला देणगी पाठविली, व त्याच्याजवळ राहून त्याची सेवा करण्याचें कामही ह्या बंधूवर सोंपविलें. ती सेवा करीत असतां एपफ्रदीत इतका आजारी पडला कीं मरणाच्या दारापर्यंत गेला. ही बातमी फिलिप्पैस पोंचली व मंडळी चिंतेंत पडली. आणि घरचीं माणसें आपल्यासाठीं घाबरलीं हें कळून इकडे आजाऱ्याचा जीव कासावीस झाला. पुढें देवानें दया केली, तो बरा झाला, आणि पौलानें त्याला परत धाडिलें.

येथें तीन गोष्टी नीट ध्यानांत घ्याव्या. पहिली ही कीं, एपफ्रदीताचा विश्वास कमी पडला म्हणून तो आजारी झाला, असें पौल कोठेंही म्हणत नाहीं. ख्रिस्ताच्या कामांत त्यानें आपला जीव धोक्यांत घातला, एवढेंच तो सांगतो. दुसरी ही कीं, आजार कांहींच नव्हता असेंही तो म्हणत नाहीं. मरण किती जवळ आलें होतें हें तो उघड लिहितो. तिसरी ही कीं, अशा मनुष्यास आनंदानें घरांत घ्यावें व त्याचा मान राखावा, अशी तो मंडळीस आज्ञा करितो.

आतां एक प्रश्न. एपफ्रदीतास निरोप देतांना, वाटेंतल्या व बंदिगृहांतल्या रोगापासून त्याचा जीव राखणारें एखादें साधन फिलिप्पैच्या मंडळीजवळ असतें, तर तें तिनें त्याला दिलें नसतें काय? हाच प्रश्न आमच्या काळांत आमच्या देशापुढें उभा राहिला होता.

२. भांडुपचें उदाहरण

उदाहरणासाठीं आम्ही मुंबईचें भांडुप घेतों. कारण खेड्यापाड्यांतून पोटासाठीं मुंबईस गेलेलीं कुटुंबें अशाच वस्तींत राहतात. मध्य रेल्वेवर कांजूरमार्ग व नाहूर ह्यांच्या मध्यें भांडुप आहे. स्टेशनाच्या पश्चिमेस मोठा रस्ता ओलांडला कीं पुढें वस्ती टेंकडीवर चढूं लागते. कोंकणांतून व घाटावरून आलेल्या लोकांच्या चाळी आणि बैठीं घरें तेथें दाटीनें उभीं आहेत. भिंतीला भिंत, दाराला दार, आणि पुष्कळ ठिकाणीं शौचालय सामाईक. तेथें अंतर ठेवा असें सांगणें सोपें, पाळणें कठीण.

मुंबईंत करोनाचे पहिले रुग्ण मार्च २०२० मध्यें आढळले. जून २०२० पर्यंत साथ शहरांतल्या दाट वस्त्यांतून उपनगरांत सरकली. तेव्हां महापालिकेनें भांडुप, मुलुंड, मालाड, कांदिवली, बोरिवली आणि दहिसर ह्या भागांसाठीं विशेष मोहीम हातीं घेतली. फिरते ताप-दवाखाने वस्तींत आले, तपासण्या वाढल्या. पुढें १५ सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ह्या मोहिमेंत राज्यभर घरोघर चौकशी झाली. हें काम कोणी केलें? डॉक्टरांनीं केलें, परिचारिकांनीं केलें, आणि बहुतेक ठिकाणीं थोड्या मानधनावर राबणाऱ्या आरोग्यसेविकांनीं व आशा सेविकांनीं केलें. सकाळीं दुसऱ्यांच्या उंबऱ्यावर उभें राहून ताप पाहावयाचा, बोटाला ऑक्सिमीटर लावून रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण मोजावयाचें, आणि सायंकाळीं आपल्या एकाच खोलीच्या घरांत मुलांबाळांत परतावयाचें, असा त्यांचा दिनक्रम होता.

ह्याच भांडुपांत २५ मार्च २०२१ रोजीं मध्यरात्रीच्या सुमारास ड्रीम्स मॉल ह्या इमारतीस आग लागली. त्या इमारतींत एक रुग्णालय होतें व त्यांत करोनाचे रुग्ण होते. कित्येक रुग्ण प्राणांस मुकले; इतरांस बाहेर काढून मुलुंडच्या तात्पुरत्या करोना केंद्रांत व इतर रुग्णालयांत हलविण्यांत आलें. त्या रात्रीचा विचार करा. धुरांतून रुग्णाला उचलणाऱ्या मनुष्याला अंतर ठेवतां येत नाहीं. रुग्णाचें तोंड त्याच्या खांद्याशीं असतें, त्याचा श्वास ह्याच्या श्वासांत मिसळतो. "आधीं तुमचा स्वॅब तपासूं, मग हात लावूं" असें म्हणावयास तेथें वेळ नसतो.

हें एक टोंकाचें उदाहरण झालें. परंतु जें त्या रात्रीं सर्वांच्या डोळ्यांसमोर घडलें, तेंच परिचारिकेच्या वांट्यास दररोज कोणाच्या नजरेस न येतां येतें. दूर राहण्याची मोकळीक तिला नसते. ह्या पाठाचें सारें मर्म ह्या एका वाक्यांत आहे.

३. सेवकास धोका अधिक कां?

करोनाचा विषाणु डोळ्यांस दिसत नाहीं. रोगी बोलतो, खोकतो, शिंकतो, तेव्हां त्याच्या श्वासाबरोबर थेंब आणि त्यांहून सूक्ष्म कण बाहेर पडतात. मोठे थेंब लवकर खालीं बसतात. सूक्ष्म कण कोंदट खोलींत चुलीच्या धुरासारखे तरंगत राहतात. किती विषाणु अंगांत गेले, किती वेळ जात राहिले, आणि हवा कितपत खेळती होती, ह्यांवर लागण होणें न होणें पुष्कळ अंशीं अवलंबून असतें. बाजारांत रोग्याच्या बाजूनें जाणाऱ्याचा संबंध क्षणाचा. परिचारिकेचा संबंध सबंध पाळीचा. घशांत नळी घालणें, नाकांतून स्वॅब घेणें, कफ ओढून काढणें, हीं कामें रोग्याच्या तोंडाशीं वांकूनच करावीं लागतात.

दुसरें कारण असें कीं, लक्षणें दिसण्यापूर्वीं एकदोन दिवस आधींच रोगी दुसऱ्यास रोग देऊं शकतो. म्हणून मोडलेला हात घेऊन आलेला मनुष्यही करोना घेऊन आलेला असूं शकतो, आणि त्याच्याजवळ जाणारी नर्सबाई सावध नसते.

तिसरें कारण पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. रुग्णाच्या खाटेजवळ सर्व सावध असतात. परंतु पीपीईचा पोशाख उतरवितांना हात चुकून तोंडाला लागतो. आणि आठ तासांनीं मास्क काढून चार जणी एकत्र डबा खावयास बसतात, किंवा वसतिगृहाच्या एकाच खोलींत निजतात, तेव्हां एकीकडून दुसरीकडे रोग जातो. एप्रिल २०२० मध्यें मुंबईंतील एका मोठ्या खासगी रुग्णालयांत पंचवीसांहून अधिक परिचारिकांस व कांहीं डॉक्टरांस लागण झाली, आणि तें रुग्णालयच प्रतिबंधित क्षेत्र ठरवावें लागलें. जेथें लोकांनीं बरें होण्यासाठीं जावयाचें तेथलींच दारें लावावीं लागलीं.

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा आहे कीं, जानेवारी २०२० पासून मे २०२१ पर्यंत जगांत ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्यसेवक करोनानें मरण पावले असावे. प्रत्येक एपफ्रदीत परत आला नाहीं, हें ह्यावरून समजावें.

आणखी एक गोष्ट. गवंडी आजारी पडला तर भिंत चार दिवस थांबते. परिचारिका आजारी पडली तर तिच्या हवालीं असलेल्या रोग्यांस पाणी पाजावयास कोणी उरत नाहीं. शिवाय आजारी आहे हें कळण्याआधींच ती ज्यांची सेवा करिते त्या म्हाताऱ्यांस व अशक्तांस तिच्याकडून रोग जाऊं शकतो. म्हणून तिला लस प्रथम देण्याचीं कारणें दोन : तिचा धोका अधिक, आणि ती पडली तर तिच्याबरोबर पुष्कळ पडतात.

४. लस आमच्या देशांत नवी नाहीं

कित्येकांस वाटतें कीं लस ही कालपरवाची गोष्ट आहे. तसें नाहीं. १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत अ‍ॅना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोंचण्यांत आली, व तेथून ती हिंदुस्थानभर पसरली. ज्या देवीच्या रोगानें गांवेंच्या गांवें ओसाड होत व वांचलेल्यांचीं तोंडें व्रणांनीं भरून जात, तो रोग पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें जागतिक आरोग्य परिषदेनें ८ मे १९८० रोजीं जाहीर केलें. आज तरुणांच्या दंडावर देवीचा व्रण नाहीं. त्याची गरजच उरली नाहीं.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. डॉक्टर वाल्डेमार हाफकिन ह्यांनीं भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत प्लेगाची लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. त्यांच्या नांवाची संस्था परळास आहे. त्याच सालीं प्लेग पुण्यांत पोंचला. सावित्रीबाई फुले ह्यांचे पुत्र डॉक्टर यशवंतराव ह्यांनीं हडपसराकडे रोग्यांसाठीं दवाखाना चालविला होता. मुंढव्याच्या महारवाड्यांतील एका आजारी मुलास सावित्रीबाईंनीं पाठीवर घेऊन त्या दवाखान्यांत आणिलें. त्यांतच त्यांना प्लेग झाला, आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या निवर्तल्या. हाफकिन ह्यांच्या टोंचणीस तेव्हां अवघे दोन महिने झाले होते. लस सर्वांपर्यंत पोंचण्यास अजून अवकाश होता. रोग्याला पाठीवर घेणारास कोणती किंमत द्यावी लागते, हें महाराष्ट्रानें तेव्हांच पाहिलें.

आणि पाहा, त्याच हडपसरांत १२४ वर्षांनीं करोनाच्या लशीच्या बाटल्या भरूं लागल्या. तेथील सीरम इन्स्टिट्यूटनें कोव्हिशील्ड ही लस तयार केली. कोव्हॅक्सिन ही दुसरी लस हैदराबादेस तयार झाली. तिच्यासाठीं लागणारा विषाणु पुण्याच्या राष्ट्रीय विषाणु संस्थेंत वेगळा करण्यांत आला होता. दोन्हींस सरकारनें ३ जानेवारी २०२१ रोजीं आणीबाणीच्या वापरासाठीं परवानगी दिली.

लस काय करिते तें साध्या शब्दांत सांगतों. आमच्या शरीरांत रोगाशीं लढणारे शिपाई देवानें ठेविले आहेत. परंतु नवा शत्रु त्यांस ओळखूं येत नाहीं, आणि ओळख पटेपर्यंत तो घर लुटून जातो. लस त्यांस शत्रूची खूण आधींच दाखविते. कोव्हॅक्सिनमध्यें मारलेला विषाणु असतो. कोव्हिशील्डमध्यें विषाणूच्या अंगावरील कांट्याची खूण दुसऱ्या एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूकडून शरीरास कळविली जाते. दोन्हींत करोनाचा जिवंत विषाणु नसल्यामुळें लशीनें करोना होत नाहीं. ओळख पक्की व्हावी म्हणून दुसरी मात्रा द्यावी लागते.

१६ जानेवारी २०२१ रोजीं देशभर ३,००६ केंद्रांवर लस देण्यास आरंभ झाला. पहिला मान आरोग्यसेवकांचा होता. भांडुपच्या जवळ घाटकोपरचें राजावाडी रुग्णालय पहिल्या दिवशींच्या केंद्रांत होतें. फेब्रुवारीपासून पोलीस, अग्निशमन दल व सफाई कामगार ह्यांची पाळी आली. म्हणजे मार्चमधील त्या आगीच्या रात्रीं धुरांत शिरणाऱ्यांसाठीं लशीचें दार उघडलेलें होतें.

५. वेल्लोरची साक्ष

लशीनें खरोखर कांहीं झालें काय? येथें आम्ही मिशनच्याच एका संस्थेची साक्ष देतों. तामिळनाडांतील वेल्लोर येथें डॉक्टर आयडा स्कडर ह्या मिशनरी बाईंनीं १९०० सालीं एका खाटेवर दवाखाना सुरू केला. तेंच आज ख्रिश्चन मेडिकल कॉलेज ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. २०२१ च्या आरंभीं तेथें १०,६०० सेवक होते. त्यांपैकीं ८,९९१ जणांनीं जानेवारीच्या अखेरीपासून एप्रिलअखेरपर्यंत लस घेतली, बहुतेकांनीं कोव्हिशील्ड. नंतर दुसरी लाट आली. त्या लाटेंत कोणाचें काय झालें ह्याची गणती तेथील डॉक्टरांनीं केली व ती प्रसिद्ध केली.

ज्यांनीं दोन्ही मात्रा घेतल्या होत्या असे ७,०८० जण होते. त्यांतील ६७९ जणांस लागण झाली. म्हणजे शंभरांत साडेनऊंच्या आसपास. ज्यांनीं मुळींच लस घेतली नव्हती असे १,६०९ जण होते. त्यांतील ४३८ जणांस लागण झाली. म्हणजे शंभरांत सत्तावीस. रुग्णालयांत निजावें लागलें तें दोन्ही गटांत चौसष्ट चौसष्ट जणांस. आंकडा सारखा दिसतो, परंतु पहिला गट सात हजारांचा आहे व दुसरा सोळाशांचा. प्राणवायु लागला तो पहिल्या गटांत चौघांस, दुसऱ्यांत अकरांस. अतिदक्षता विभागांत न्यावें लागलें तें पहिल्यांत दोघांस, दुसऱ्यांत आठांस. त्या काळांत त्या संस्थेचा एक सेवक करोनानें वारला. त्यानें लस घेतलेली नव्हती, व त्यास इतरही आजार होते.

हे आंकडे उपदेशकांनीं फळ्यावर मांडून दाखवावे. त्यांतून दोन गोष्टी निघतात, व दोन्ही सांगितल्या पाहिजेत. लस घेतल्यावरही लागण होऊं शकते, ही पहिली. लस घेतलेला मनुष्य रोगाच्या खोल डोहांत बुडण्याचा संभव फारच कमी होतो, ही दुसरी. जो पहिलीच सांगतो तो लोकांस भिववितो. जो दुसरीच सांगतो तो त्यांस फाजील धीट करितो.

६. शंका आणि उत्तरें

"देव राखणारा आहे, सुई कशाला?" ही शंका भक्तिमान लोकांच्या तोंडून येते, म्हणून तिला आदरानें उत्तर दिलें पाहिजे. नहेम्यानें यरुशलेमेचा कोट बांधतांना देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही ठेविला; प्रार्थना केली म्हणून पहारा उठविला नाहीं. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असें सैतानानें सुचविलें, तेव्हां प्रभूनें ती सूचना नाकारली. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत नवें घर बांधणारास धाब्याला कठडा करण्याची आज्ञा आहे, कीं कोणी पडून त्याच्या रक्ताचा दोष घरावर येऊं नये. कठडा बांधणारा देवावर अविश्वास दाखवितो काय? तो शेजाऱ्याच्या मुलावर प्रीति करितो. लस हा तसाच कठडा आहे. १५२७ सालीं विटेनबर्गास प्लेग आला असतां मार्टिन ल्यूथर गांव सोडून गेले नाहींत. ते रोग्यांची सेवा करीत राहिले. परंतु त्याच प्रसंगीं लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं औषध टाळणाऱ्यांस व मुद्दाम रोगांत शिरून तो दुसऱ्यांस देणाऱ्यांस दोष दिला. धैर्य व सावधपणा ह्या दोघी बहिणी आहेत, असें त्यांच्या आचरणावरून दिसतें.

"पहिल्या दिवसांत दवाखान्यांतले लोकच कचरत होते, मग आम्हीं कां घ्यावी?" हें खरें आहे कीं, आरंभीं नांव नोंदविलेले सर्व आरोग्यसेवक पुढें आले नाहींत. कोव्हॅक्सिनला परवानगी मिळाली तेव्हां तिची मोठी परीक्षा अजून चालू होती, आणि "निकाल दाखवा" असें म्हणणाऱ्यांस मूर्ख म्हणतां येत नाहीं. परंतु निकाल आले, वेल्लोरसारख्या गणत्या आल्या, आणि शंका ज्या कारणासाठीं घेतली होती तें कारण सरलें. प्रामाणिक शंका उत्तर मिळालें म्हणजे थांबते. उत्तर मिळूनही जी थांबत नाहीं ती शंका नसून हट्ट होय.

"लशीनें ताप येतो, माणसें मरतात." ताप, अंगदुखी, दंड दुखणें हें एकदोन दिवस पुष्कळांस होतें. कोव्हिशील्डसारख्या लशीनें फार क्वचित रक्ताच्या गुठळ्यांचा गंभीर विकार होतो, हें डॉक्टरांनींच शोधून उघड केलें आहे. तें लपवूं नये. लस घेतल्यावर अर्धा तास केंद्रावर थांबवीत तें अशाच काळजीसाठीं, कीं कोणास एकाएकीं वावडें आल्यास उपाय हाताशीं असावा. कोणास पूर्वीं लशीनें अपाय झाला असेल तर त्यानें तें डॉक्टरांस सांगावें व त्यांच्या सल्ल्यानें चालावें.

"लस घेतली, आतां मास्क कशाला?" भांडुप येथें महापालिकेचें मोठें जलशुद्धीकरण संकुल आहे, मुंबईच्या पाण्याचा फार मोठा भाग तेथें शुद्ध होऊन नळांनीं घरोघर जातो. तरी घरांतली शहाणी बाई हंड्यावर झांकण ठेवितेच, आणि पाणी घ्यावयास ओगराळें वेगळें ठेविते. संकुल आहे म्हणून झांकण टाकीत नाहीं, आणि झांकण आहे म्हणून संकुल बंद करा असेंही म्हणत नाहीं. लस, मास्क, खेळती हवा व हात धुणें ह्यांचें नातें असेंच आहे. लशीचें बळ काळानें कमी होतें, व विषाणूही रूप पालटतो. २०२१ च्या अखेरीस ओमिक्रॉन आला तेव्हां दोन मात्रा घेतलेल्यांसही पुष्कळ लागण झाली. म्हणूनच १० जानेवारी २०२२ पासून आरोग्यसेवकांस पुन्हा प्रथम मान देऊन वर्धक मात्रा देण्यांत आली.

७. मंडळीनें काय करावें?

प्रथम, सेवकाचा मान राखावा. २२ मार्च २०२० रोजीं सायंकाळीं पांच वाजतां सर्व देशानें टाळ्या व थाळ्या वाजविल्या. परंतु त्याच दिवसांत कित्येक घरमालकांनीं परिचारिकांस खोली सोडावयास सांगितलें, आणि लोकांनीं आरोग्यसेवकांवर हात टाकिले. अखेर २२ एप्रिल २०२० रोजीं सरकारास वटहुकूम काढून अशा मारहाणीस सात वर्षांपर्यंतची कैद ठरवावी लागली. आमच्या मंडळ्यांच्या कित्येक मुली मिरज, अहमदनगर, वाई, जालना येथील मिशन रुग्णालयांत शिकून परिचारिका झाल्या आहेत. अशी मुलगी साथीच्या दिवसांत गांवीं आली तर तिला वेशीवर अडवूं नये. तिला वेगळी खोली, वेळेवर जेवण आणि दारांतून दोन गोड शब्द द्यावे. अंतर ठेवणें आणि तिरस्कार करणें ह्यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पौलानें एपफ्रदीताविषयीं जें सांगितलें तें आमच्या मुलींस लागू आहे.

दुसरें, मान हा टाळ्यांनीं पुरा होत नाहीं. कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे, असें प्रभूनें शिष्यांस पाठवितांना शिकविलें. जून २०२१ मध्यें महाराष्ट्रांतील आशा सेविकांस मानधनासाठीं संप करावा लागला. आणि मे २०२२ मध्यें भारताच्या ह्याच आशांचा जागतिक आरोग्य संघटनेनें गौरव केला. जगानें ज्यांस हार घातला त्यांच्या चुलीची चौकशी गांवानें करावी, हें शोभतें.

तिसरें, जी मुलगी वा मुलगा रुग्णालयांत कामास लागेल त्याच्या आईबापांनीं विचारावें : कावीळ ब ह्या रोगाची लस झाली काय? हा रोग रक्तानें पसरतो, व वापरलेली सुई बोटांत शिरल्यास होऊं शकतो. त्याच्या तीन मात्रा असतात. पहिली, एका महिन्यानें दुसरी, व सहा महिन्यांनीं तिसरी. नोकरीच्या पहिल्या पगाराइतकीच ही गोष्ट महत्त्वाची समजावी.

चवथें, मुलांच्या लशी चुकवूं नयेत. करोनाच्या काळांत कित्येक मुलांच्या नेहमींच्या लशी राहून गेल्या. पुढें २०२२ च्या अखेरीस मुंबईच्या गोवंडी भागांत गोंवर पसरला व मुलें दगावलीं. त्यांतील कित्येकांस लस झालेली नव्हती. एका साथीनें दुसऱ्या साथीस दार उघडून दिलें.

पांचवें, उपदेशकांनीं आपली जीभ सांभाळावी. मोबाईलवर आलेली बातमी व्यासपीठावरून सांगूं नये. लशीविषयीं कोणी विचारलें तर जें ठाऊक आहे तें सांगावें, बाकीच्यासाठीं आरोग्यकेंद्राकडे पाठवावें, आणि शक्य तर त्याच्याबरोबर स्वतः जावें. उपदेशकानें आधीं बाही वर केली तर त्याच्या उपदेशाला निम्मे शब्द पुरतात. तसेंच प्रार्थनामंदिराच्या खिडक्या उघड्या ठेवाव्या. आणि ज्यास ताप-खोकला आहे त्यानें त्या रविवारीं घरीं राहून प्रार्थना करावी. ती देव ऐकतो.

बंधुभगिनींनो, साथी पूर्वीं आल्या, पुढेंही येतील. तेव्हां कोणीतरी रोग्याजवळ जाईल, आणि ती कोणाची तरी मुलगी असेल. तिला रिकाम्या हातानें धाडूं नये, आणि ती परत आली तर दार लावूं नये, एवढें ह्या पाठांतून मंडळीनें शिकावें.

विचारासाठीं प्रश्न

१. एपफ्रदीताच्या आजाराविषयीं पौल काय सांगतो, आणि काय सांगत नाहीं?
२. परिचारिकेस लस प्रथम देण्याचीं दोन कारणें कोणतीं?
३. वेल्लोरच्या दोन गटांत चौसष्ट चौसष्ट जणांस रुग्णालयांत निजावें लागलें. तरी लशीनें लाभ झाला असें कां म्हणतां येतें?
४. धाब्याचा कठडा आणि लस ह्यांत साम्य काय?
५. करोनाच्या दिवसांत आमच्या गांवानें आरोग्यसेविकेस कसें वागविलें? पुढील वेळीं कसें वागवावें?
६. आमच्या मंडळींतील कोणत्या मुलांच्या लशी राहिल्या आहेत? त्यांची यादी कोण करील?

प्रार्थनेचे विषय : रुग्णालयांत रात्रपाळी करणारे सर्व, घरोघर फिरणाऱ्या आशा सेविका, सेवा करतांना ज्यांनीं जीव गमाविला त्यांचीं कुटुंबें, आणि भांडुपच्या आगींत ज्यांचीं माणसें गेलीं तीं घरें.